सातबाऱ्यावर नसलेली लेक

अन्याय झाला तो एका बाईवर. ती आज सत्तरीच्या पुढं आहे, देवळ्याकडं राहते, आणि तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिनं तसं बजावलंय. कधी झाला तेही सांगते. तिच्या बापाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी. तलाठी घरी आले होते. ओसरीवर गावातली चार शहाणी माणसं पंच म्हणून बसली होती. मयताला वारस कोण, असं विचारलं गेलं आणि सांगितलं गेलं, बायको आणि दोन मुलगे. लिहून झालं, सह्या झाल्या. मग सगळ्यांनी चहा घेतला. चहा मयताच्या मुलीनं केला होता.

हे मला कळलं फार उशिरा. मी निघाले होते आईवडिलांसाठी घर बघायला.

आम्ही नाशकात, सिडकोत भाड्यानं राहत होतो. घरमालक भला माणूस, पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला वरच्या खोल्या हव्या झाल्या. दिवाळीपर्यंत बघा काहीतरी, म्हणाला. वडील सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात आलेलं सगळं त्यांनी घरासाठी राखून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा असं घर घ्यायची संधी येणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणून कुणी ते बोलत नव्हतं.

फ्लॅट आणला मामानं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, सायखेड्याचा. बिल्डर त्याच्या पाहुण्यातला निघाला. पेठ रोडला, जिथं शहर संपतं असं पूर्वी म्हणत आणि आता म्हणत नाहीत, तिथं तीन मजल्यांची नवी इमारत. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, किचन, आणि आईला हवा होता तसा ओटा पूर्वेला. गणपती बसायच्या आधी वडिलांनी टोकन दिलं. नारळ फुटला, पेढे वाटले. करारनामा मात्र घटस्थापनेला, कारण मध्ये पितृपक्ष. पितृपक्षात आमच्याकडं कुणी नवा स्टोव्हसुद्धा घेत नाही, घर कुठलं घेणार.

मला तो पंधरवडा मिळाला तो असा.

मी काय करते ते सांगायला हवं. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. घंटागाडी आली नाही, पाणी गढूळ आलं, रस्ता खणून ठेवला, की आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, भिंतींवर चिकटवतो. महापालिकेच्या ऑफिसात मी शिरले की तिथला एक कारकून शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणतो, “आल्या पत्रकवाल्या. आज कुणाचं काय चुकलं?” त्यामुळं कागद कुठं मागायचा, कुणाच्या टेबलापाशी किती वेळ उभं राहायचं, हे मला येतं. वडिलांना तेच खटकत होतं. मामाच्या ओळखीच्या माणसाकडं कागद मागायचे म्हणजे मामाला खोटं पाडायचं.

“आपण घर घेतोय,” ते म्हणाले. “मोर्चा काढत नाही.”

तरी मी गेले. बांधकामाच्या परवानगीची नक्कल काढली. मंजूर नकाशाही मिळवला आणि तो घेऊन इमारतीत जिन्याजिन्यानं फिरले. नकाशात पार्किंग होतं तिथं पार्किंगच होतं, दुकानं नव्हती. बिनशेतीचा आदेश होता. रेराच्या साइटवर नोंदणी होती. पूररेषेपासून जागा लांब. इमारत राहायला योग्य असल्याचा भोगवटा दाखला सुद्धा आलेला. नाशकात अर्ध्या लोकांनी भोगवटा दाखला डोळ्यांनी पाहिलेला नसतो, विजेचं मीटर लागलं की वास्तुशांत करून मोकळे होतात. आणि इथं सगळं जागच्या जागी.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटेना. एखादं पत्रक लिहिताना सगळं पटापट जुळत गेलं की मला धास्ती वाटते, काहीतरी विचारायचं राहिलंय अशी. तसं झालं.

बिल्डर मला एकदा म्हणाला, “ताई, सातबारा आरशासारखा आहे. एक डाग दाखवा.” खरंच होतं. बोजा नाही, कर्ज नाही, कुळाचं नाव नाही. लोक याला कोरा सातबारा म्हणतात आणि ऐकून खुश होतात. मी जुने फेरफार मागवले, म्हणजे मालकाचं नाव कधी आणि कसं बदललं त्या नोंदी. त्यात बाप वारल्याची नोंद सापडली. वारस म्हणून बायको, दोन मुलगे. पुढं बायको वारली, दोघे मुलगे राहिले. दोघांनी मिळून जमीन बिल्डरला दिली. संपलं.

मी ते पान घेऊन आमच्या वकिलांकडं गेले. त्यांचं ऑफिस सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या समोरच्या बोळात. मी म्हटलं, त्या काळात घरोघर चार-चार मुली, आणि या घरात एकही नाही?

वकील दमलेले होते. “नोंद प्रमाणित आहे,” म्हणाले. “तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च मी दिलाय. नसलेल्या मुली मी कुठून आणू, ताई?”

आणि असतीलच, असं ते पुढं म्हणाले, तर त्यासाठीच जाहीर नोटीस देतात. ती त्यांनी दिली होती पेपरात. कात्रण त्यांनी माझ्यापुढं सरकवलं. आतल्या पानावर, नावात बदलाच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. सदर मिळकतीवर कोणाचाही वारसा, गहाण, दान, बोजा, अन्नवस्त्र वा अन्य कोणत्याही प्रकारचा हितसंबंध असल्यास. पुढं वाचवत नव्हतं. मुदतीत हरकत न आल्यास हक्क सोडून दिला असं समजण्यात येईल, असा शेवट.

समजण्यात येईल! कोण समजणार? ज्या बाईला वाचता येत नाही, जिच्या घरी पेपर येतो तो फरसाण बांधून, तिनं हे वाचायचं, मुदतीत हरकत घ्यायची, आणि नाही घेतली तर तिनं हक्क सोडला. मला संताप आला, आणि संताप आला की मला एकच गोष्ट येते. मी ती नोटीस सोप्या मराठीत लिहिली. अमुक शेतकऱ्याच्या, अमुक गटातल्या जमिनीत ज्या मुलीचा किंवा बहिणीचा वाटा आहे आणि जिचं नाव कागदावर नाही, तिनं या नंबरवर फोन करावा. नंबर माझा. मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढल्या, खळ शिजवली, आणि त्या जमिनीच्या जुन्या गावठाणात जाऊन तीन ठिकाणी चिकटवल्या. पिठाच्या गिरणीवर, रेशन दुकानावर आणि बसथांब्याच्या भिंतीवर.

आता वाटतं, तेव्हा मला काय हवं होतं? फोन यावा असं की येऊ नये असं? चिकटवून घरी आले तर हाताला खळीचा वास. कुणीच नाही आलं तर आईचा ओटा पूर्वेला. आलं तर आमचं घर मीच माझ्या हातानं मोडलं.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला, वडिलांना. तुमच्या पोरीनं गावात काय चिकटवलंय ते जाऊन बघा, म्हणाला. वडील माझ्याशी बोलले नाहीत, आईशी बोलले, मी समोर बसलेली असताना. हिला सांग, म्हणाले, साप नसला तरी काठीनं बीळ उकरून साप बाहेर काढायची हिला हौस आहे. आईनं त्या दिवशी कुणाचीच बाजू घेतली नाही. एरवी ती माझी बाजू घेते किंवा वडिलांची तरी घेते.

मग फोन सुरू झाले. एका पोरग्यानं बायकी आवाज काढून वाटा मागितला आणि मागं चारजण खिदळले. एकानं शांतपणे सांगितलं, कागद काढून घ्या, तुमचं भलं होईल. अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा ठेवायचे आणि पुन्हा उचलून बघायचे.

पितृपक्षातल्या नवमीच्या सुमारास एक फोन आला, त्यात आधी नुसता एसटी स्टँडवरचा गोंगाट. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. ती देवळ्याहून आली होती, स्टँडवर उभी होती आणि मी कुठं राहते ते तिला हवं होतं. मी जाऊन तिला घेऊन आले. रिक्षात ती मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली. घरात आल्यावर तिनं पिशवीतले कांदे काढून आईच्या हातात दिले, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून, पाणी प्यायली, आणि मग माझ्याकडं वळली.

“तो कागद तू लावला?”

मी हो म्हटलं. मला वाटलं आता ती रडेल, आभार मानेल. माझ्या डोक्यात कायदा तयार होता.

“काढ तो,” ती म्हणाली.

हळूहळू कळलं ते असं. तिच्या भाच्यानं माझ्या पत्रकाचा फोटो काढून तिच्या मुलाला पाठवला होता, तुझ्या आईनं वकील लावला का, असं विचारून. मग थोरल्या भावाचा फोन. यंदा भाऊबीजेला यायचं नाही. पुढंही यायचं नाही. ती सांगत होती की मी काही केलं नाही, भाऊ ऐकत नव्हता. म्हणून ती एसटीनं आली होती, ज्यानं कागद लावला त्यानंच जाऊन भावाला सांगावं म्हणून.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आजी, तुम्ही त्यांची मुलगी, तुमचा वाटा होता, कायदा तेव्हाही तुमच्या बाजूनं होता, आजही आहे.

“कायदा मला म्हायेरी जेवायला बसवील का?” ती म्हणाली. “आई गेली, बाप गेला. वर्षातून एकदा त्या उंबऱ्यात मला ववाळायला ताट भेटतं. लय नाय मागत मी.”

मग तिनं तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. मी विचारलं म्हणून. ती रागानं सांगत नव्हती. तलाठी साहेब चांगले होते, म्हणाली, त्यांनी चहाची तारीफ केली. ती चुलीपाशी होती, मधे नुसतं पोतं टांगलेलं, सगळं ऐकू येत होतं. दोन मुलगे, असं तिनं ऐकलं. तिला वाटलं, जमिनीचं बोलत असतील, जमिनीला मुलगेच असतात.

मी पुढं काही बोलायच्या आत आईनं विचारलं, “आक्का, तुम्हाला साडी तरी देतात का?”

“देतात ना. चांगली देतात. दरसाल.”

“मला पैठणी दिली,” आई म्हणाली. “येवल्याची. निफाडला हक्कसोडावर सही केली त्या दिवशी.”

मी आईकडं बघत राहिले. ती पैठणी मी लहानपणापासून पाहत आलेय. मामानं प्रेमानं दिली, एवढंच आम्हाला माहीत होतं. आई कांदे टोपलीत ठेवत होती, एकेक, हलक्या हातानं, अंडी ठेवावीत तसे. आक्कानं फक्त मान हलवली. दोघींना एकमेकींना काही समजावून सांगायची गरज पडली नाही. मलाच पडली असती.

मी तिला शब्द दिला की कागद काढते. आणि तिच्या भावाला फोन करून सांगितलं की तुमच्या बहिणीचा यात काही संबंध नाही, मी परकी आहे, घर घ्यायला निघालेली. तो म्हणाला, परक्या माणसानं परक्यासारखं राहावं. फोन ठेवला.

इथवर मला वाटत होतं की आता घर गेलं, गोष्ट संपली. पण वकिलांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मुलगी सापडली हे तुमचं नशीब, म्हणाले. आता तिची संमती घ्या, नोंदणीकृत दस्त करा, माझी काहीही हरकत नाही असा अंगठा एकदा झाला की टायटलला कुणी बोट लावणार नाही. न सापडता घर घेतलं असतं तर टांगती तलवार होती. बिल्डर तर त्याच दिवशी घरी आला. आजींना काही त्रास नाही, म्हणाला, गाडी पाठवतो, साडीचोळी करू, मान ठेवू. आणि आक्का तयार होती! हेच अवघड होतं. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, भाऊ खुश होणार असंल तर कुठं म्हनशील तिथं अंगठा देते, पोरी.

मी बिल्डरला म्हटलं, तिला तिचा वाटा द्या ना, कायद्यात बसेल तेवढा, उघडपणे. मग करा दस्त.

तो हसला. तो वाईट माणूस नाही, खरं बोलला. “ताई, एकीला दिला की गावभरच्या येतील.”

वडिलांनी हे ऐकलं आणि तरीही त्यांना सही करायची होती. त्यांचं चुकत होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दिवाळी जवळ आलेली, घरमालकाचा मुलगा वर येऊन खोल्यांची मापं घेऊन गेलेला. “ती स्वतः तयार आहे,” ते म्हणाले. “आपण कुणाच्या गळ्यावर सुरी ठेवलीय का?” माझ्याकडं पत्रकात लिहिते तसली वाक्यं होती, पण ती या घरात, या माणसापुढं तोंडातून निघेनात. दोन दिवस मी जेवले नाही नीट. आपण सही करू, असंही एकदा मनात येऊन गेलं. नंतर आक्कासाठी लढू, असंही. नंतर म्हणजे आईच्या ओट्यावर चहा पिऊन.

सर्वपित्रीच्या सकाळी आई खीर ढवळत होती. वडील अंघोळ करून नैवेद्याची वाट बघत पाटावर बसलेले. आई त्यांच्याकडं पाठ करूनच बोलली. “त्या बाईला माझ्या घरासाठी अंगठा द्यायला बोलवायचं नाही.”

“मग घर?”

“भाड्याचं बघा.”

वडील म्हणाले, तुझ्या भावाला काय सांगू? आई म्हणाली, त्याला मी सांगते. तिनं मामाला काय सांगितलं ते आम्हाला अजून माहीत नाही. गॅलरीचं दार लावून ती बोलत होती, आणि तिचा आवाज एकदाही चढला नाही. त्यानंतर मामाचा फोन येणं बंद झालंय.

टोकन कुरकुरत का होईना परत आलं. आम्ही आता जेल रोडला राहतो, पुन्हा भाड्यानं, पुन्हा अकरा महिन्यांचा करार. वडील माझ्याशी बोलतात, पण घराचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांना पुन्हा घर घेता येईल का, मला माहीत नाही. मला भीती वाटते की नाही.

पत्रकं मी काढून टाकली. गिरणीवरचं निघता निघेना. गिरणीवाला म्हणाला, खळ चांगली केली होती ताई तुम्ही. मी ओल्या फडक्यानं घासत होते, तर बाजरीचा डबा घेऊन रांगेत उभी असलेली एक बाई जवळ आली. माझ्या वयाची असेल. हळूच म्हणाली, “वरचं काढा. खालचा नंबर राहू द्या.” मी वरचं खरवडून काढलं, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, सगळं. खालचा नंबर राहू दिला.

त्यावर अजून फोन येतात. बायकांचे. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. इतकंच विचारतात की समजा एखाद्या बहिणीला वाटलं तर, आणि मग मागं कुणाची तरी चाहूल लागते आणि फोन बंद होतो. एकीनंही अजून हरकत घेतलेली नाही. घेणारही नाही. पेपरातल्या नोटिशीची मुदत अशीच संपते, दरवेळी, आणि सातबारा कोरा होतो.

तो फ्लॅट दसऱ्याला दुसऱ्या कुटुंबानं घेतला. मी बसमधून जाताना पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर झेंडूचं तोरण. साधी माणसं असणार, आमच्यासारखीच. त्यांनी परवानगी पाहिली असेल, भोगवटा दाखला पाहिला असेल, वकिलाचा सर्च पाहिला असेल. जे विचारायचं ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. घर बघताय ना? टोकन द्यायच्या आधी त्या जमिनीच्या गावात जा. गिरणीवर उभे राहा, म्हाताऱ्या बायकांशी बोला, आणि विचारा की मूळ मालकाला मुली किती, कुठं दिल्या. नावं मिळाली की त्या फेरफारात आहेत का बघा. नसतील तर बिल्डरच्या तोंडावर सांगा की आधी त्यांचा वाटा त्यांच्या हातात द्या, मग माझी सही. साडीचोळीवर मिटवतो म्हणाला तर उठा आणि निघून या. आमचं घर गेलं. तुमचंही जाईल कदाचित. तरीही निघून या.